सोकोकेची सुगरण : ओळख पटेपर्यंतचे सहा दिवस

दिवस पहिला : नैरोबी ते वाटामू

धाकटा भाऊ सहा वर्षं नैरोबीत नोकरीला आहे. "ताई, ये एकदा, मसाई मारा दाखवतो, सिंह दाखवतो," हे त्याचं पालुपद. यंदा जानेवारीत गेले तेव्हा त्याला सांगून टाकलं, सिंह राहू देत, मला तेरा सेंटिमीटरचा एक पक्षी बघायचाय. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आपल्या विहिरीवर लटकतात तसल्या सुगरणींसाठी तू विमानाचं तिकीट काढलंस?"

तसल्याच, पण त्या नव्हेत. आमचं घर किहीमपासून हाकेच्या अंतरावर. १९३० च्या सुमाराला हाताला नोकरी नसलेले सालिम अली किहीमला राहत होते. तिथे त्यांनी सुगरणीच्या घरट्यांवर पाळत ठेवली. घरटं विणतो तो नर. अर्धवट झालं की मादी येते, आत-बाहेर करून बघते. पसंत पडलं तर राहते, नाहीतर निघून जाते. पसंती मिळाली की नर ते पुरं करतो आणि लगेच दुसऱ्याच्या तयारीला लागतो. नाव मात्र आपण सुगरण ठेवलंय, स्त्रीलिंगी. लहानपणापासून हे ऐकल्यामुळे विणकर पक्षी म्हटलं की माझे कान टवकारतात. या घराण्यात शंभराहून अधिक जाती आहेत, त्यातल्या बहुतेक आफ्रिकेतल्या. भारताच्या वाट्याला जेमतेम चार.

मला बघायचा होता तो क्लार्क्स वीव्हर, ज्याला किलिफी वीव्हर असंही म्हणतात. केनियाच्या किनाऱ्यावरच्या किलिफी परगण्यात एवढ्याशा पट्ट्यात तो सापडतो, जगात इतरत्र कुठेही नाही.

सकाळी आठची मदारका एक्सप्रेस पकडली. गाडी त्सावोतून जाते. खिडकीतून हत्ती दिसले, तिथल्या मातीत लोळून विटकरी झालेले. १८९८ मध्ये इथल्या पुलाच्या कामावरची आपल्याकडची माणसं दोन सिंहांनी उचलून नेली होती, ती गोष्ट भावाने अगदी चवीने सांगितली. मोंबासाच्या स्टेशनावर उतरलो आणि दमट हवेचा तो ओळखीचा फटका बसला. थेट अलिबाग! पुढे गाडीने उत्तरेकडे. रस्त्याला नारळ, आंबे, केतकीसारख्या दिसणाऱ्या सिसलचे मैलोगणती मळे, आणि मधूनमधून गोरखचिंचेचे अजस्र बुंधे. किलिफीच्या खाडीपाशी पोरं खिडकीला काजूची पाकिटं लावत होती. काजूला इथे 'कोरोशो' म्हणतात. नारळ म्हणजे 'नाझी', आणि नारळाची माडी म्हणजे 'म्नाझी'. ती इथल्या मिजिकेंडा लोकांची आवडती. आंबा तर 'एंबे'च. भाऊ म्हणाला, "आता कळलं का मला इथे घरची आठवण का येत नाही?"

वाटामूला आमच्या मुक्कामाच्या आवारात माडांच्या झावळ्यांना पन्नासेक घरटी लोंबत होती. गोल्डन पाम वीव्हर. नराचं डोकं तापलेल्या निखाऱ्यासारखं नारिंगी. भावाने सुटकेसा खाली ठेवल्या. "हे घे तुझे वीव्हर. उद्या मी मारामाराला, म्हणजे मसाई माराला मोकळा?"

दिवस दुसरा : मी चुकले ती जागा

पहाटे साडेपाचला अराबुको-सोकोकेच्या फाटकाशी. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं शुष्क जंगल एके काळी लांबच लांब पसरलेलं होतं, त्यातला शिल्लक राहिलेला हा सर्वांत मोठा तुकडा, सुमारे ४२० चौरस किलोमीटर. आत तीन वेगळी जंगलं आहेत आणि पायाखालची माती बघून ती ओळखता येतात. पूर्वेला करड्या वाळूवर मिश्र जंगल, मधोमध पांढऱ्या भुसभुशीत वाळूवर ब्रॅकिस्टेजियाची विरळ राई, पश्चिमेला लाल मातीवर सायनोमेट्राची दाट खुरटी झाडी. ब्रॅकिस्टेजियाला इथले लोक 'म्रिही' म्हणतात. क्लार्क्सचं आवडतं झाड हेच.

आमचे गाइड साठीच्या पुढचे, गिरियामा जमातीचे गृहस्थ होते. वडीलधाऱ्यांना इथे आदराने 'म्झे' म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. माणूस मितभाषी. जंगलात शिरण्याआधी त्यांनी एकच अट घातली: पक्षी दिसला की नाव घ्यायचं नाही, काय दिसलं ते सांगायचं. नाव शेवटी.

ही अट मी तासाभरात मोडली.

म्रिहीच्या शेंड्यावर दोन पक्षी. डोकं काळं, पाठ काळी, खाली झळझळीत पिवळं. छातीत धडधड सुरू झाली आणि तोंडातून निघून गेलं, "क्लार्क्स!" म्झे दुर्बीण लावूनही बघेनात. ते ऐकत होते. वरून आवाज येत होता, गंजलेल्या बिजागरीवर दार हळूहळू ढकलावं तसा. एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने त्यात आपला सूर मिसळायचा.

"किती आहेत?" म्झेंनी विचारलं.

"दोन."

"दोघांत फरक काय?"

काहीच फरक नव्हता. दोघं अगदी सारखे. मग ते म्हणाले, आता चोच बघा, पंख बघा. चोच फिकट निळसर करडी. पंख बसलेले, काळे, कुठे पिवळ्या रेघेचा मागमूस नाही. हा डार्क-बॅक्ड वीव्हर, जंगलात नेहमी भेटणारा. जोडीजोडीने हिंडतो, नर-मादी सारखेच दिसतात. क्लार्क्सच्या नराच्या पंखातल्या पिसांना पिवळ्या कडा असतात, आणि काळा रंग गळ्यावर न थांबता छातीच्या वरच्या भागावर उतरतो. मादीचं तर सगळंच निराळं. वर शेवाळी हिरवट, खाली पिवळी, डोक्यावर काळ्याचा ठिपकाही नाही.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. घरून निघताना वहीत तक्ताही केला होता. पण झाडाखाली उभं राहिल्यावर पुस्तकातली पानं डोळ्यांपुढे येत नाहीत, येते ती हौस. आणि हौसेला पंखावरची कड दिसतेच.

आणखी एक अडचण झाडाखाली उभं राहिल्यावरच कळते. पुस्तकातला पक्षी आपल्याकडे पाठ करून, पंख दाखवत बसलेला असतो. खरा असतो पंधरा-वीस मीटर वर, आपल्या बरोबर डोक्यावर. दिसतं त्याचं पोट. आणि पोट दोघांचंही पिवळं.

दिवस तिसरा : लाल माती

आज पश्चिमेकडच्या सायनोमेट्रात. काटेरी जाळ्यांतून वाकून चालायचं. हत्तीची ताजी लीद दिसली तसे म्झे थांबले, वाऱ्याची दिशा बघितली आणि आम्हाला वळसा घालून नेलं. दाट झाडीत हत्ती पाच पावलांवर असला तरी दिसत नाही, असं ते अगदी सहज म्हणाले. भाऊ त्यानंतर तासभर गप्प होता. त्याचं हे एक विक्रमी मौन.

सोकोके स्कॉप्स घुबड मात्र दिसलं, तेही जोडीने. जेमतेम वीतभर उंचीची दोन घुबडं फांदीवर खांद्याला खांदा लावून झोपलेली, एक राखाडी, एक तांबूस. याची नोंद शास्त्राला १९६५ मध्ये झाली आणि पुढच्या वर्षी नाव दिलं डिलन रिप्ले यांनी. हे तेच रिप्ले, ज्यांनी सालिम अलींबरोबर आपल्या उपखंडातल्या पक्ष्यांचे दहा खंड सिद्ध केले. किहीमचा धागा इथल्या काट्याकुट्यांत असा अचानक पायात यावा याची मला गंमत वाटली. म्झेंना सांगितलं, तर त्यांनी फक्त मान हलवली आणि घुबडं जागी होतील म्हणून आवाज खाली घ्यायला सांगितलं.

वीव्हर एकही नाही.

दिवस चौथा : सुट्टी

भावाच्या आग्रहावरून पक्ष्यांना सुट्टी. सकाळी गेडीचे अवशेष पाहिले. बाराव्या ते सतराव्या शतकांमधलं हे स्वाहिली शहर जंगलात हरवून गेलं होतं. मशीद, महाल, विहिरी, आणि खोदकामात सापडलेली चिनी मातीची भांडी. भिंतींवरून मुळं उतरलेली. पाचोळ्यात खसफस झाली म्हणून बघितलं तर सोनेरी पुठ्ठ्याची सेंगी, लांब सोंडेसारखं नाक पाचोळ्यात खुपसून किडे शोधत होती. सशाएवढा प्राणी, उंदराचा चेहरा, आणि मागचा भाग पिवळाजर्द. देवाने उरलेल्या भागांतून जुळवल्यासारखा.

शेजारीच किपेपेओ प्रकल्प आहे. जंगलाच्या कडेचे शेतकरी १९९३ पासून इथल्या फुलपाखरांचे कोष वाढवून परदेशातल्या फुलपाखरू उद्यानांना विकतात. झाड उभं राहिलं तरच कोष मिळतो, हा हिशोब लोकांना पटलाय. ('हिशोब' इथेही 'हेसाबू'च.) संध्याकाळी मिडा खाडीत ओहोटीच्या चिखलावर काळेपांढरे क्रॅब प्लोव्हर खेकडे आपटत होते. खारफुटीवरच्या लाकडी पुलावरून चालताना भाऊ म्हणाला, हे पक्षी बरे, जमिनीवर उभे राहतात.

दिवस पाचवा : कोरडं तळं

आज डकाचा. मालिंदी ओलांडून साबाकी नदीचा पूल, मग आत मराफाच्या बाजूला. वाटेत मराफाची ती प्रसिद्ध घळ लागते, पाण्याने कोरलेले लाल-गुलाबी-पांढरे सुळके. दहा मिनिटं थांबलो. पर्यटक संध्याकाळच्या उन्हात तिथे येतात, आम्ही भर दुपारी पोहोचलो, त्यामुळे डोळे दिपण्यापलीकडे काही घडलं नाही.

डकाचाची राई अराबुको-सोकोकेसारखी राखीव वन नाही. गावं, शेतं आणि जंगल एकमेकांत गुंतलेली. रस्त्याकडेला कोळशाची पोती रचलेली होती, पुढे अननसाची ओळीने लागवड, मध्ये उभा राहिलेला एकटाच म्रिही. काही वर्षांपूर्वी इथे जट्रोफाच्या मोठ्या लागवडीचा घाट घातला गेला होता, जैवइंधनासाठी. स्थानिकांनी आणि पक्षीमित्रांनी आरडाओरडा केला तेव्हा ते टळलं. पर्यावरण वाचवणाऱ्या इंधनासाठी जंगल तोडायचं, हा तर्क मला अजून झेपलेला नाही.

म्झे आम्हाला एका सखल जागी घेऊन गेले. भेगाळलेली काळी माती, त्यात वाळलेल्या लव्हाळ्याचे झुबके, गुडघ्या-कमरेएवढे. पावसाळ्यात इथे पाणी साठतं. आत्ता बकऱ्या चरत होत्या.

"असल्याच एका जागी," ते म्हणाले.

मला जे माहीत होतं ते असं. या पक्ष्याचं वर्णन पहिल्यांदा छापलं गेलं १९१३ मध्ये. स्टीफन्सन क्लार्क यांनी ते केलं आणि जातीला आपल्या भावाचं, गोलँडचं नाव दिलं. मग वर्षांमागून वर्षं गेली. अराबुको-सोकोकेत थवे दिसायचे, काही महिने दिसेनासे व्हायचे, पुन्हा यायचे. मधल्या काळात जातात कुठे, घरटी कुठे बांधतात, कोणालाच ठाऊक नव्हतं. विणकर पक्षी, ज्याची अख्खी कीर्ती घरट्यावर, त्याचं घरटंच कोणी पाहिलेलं नाही! अखेर २०१३ मध्ये डकाचात, पावसाने भरलेल्या एका तात्पुरत्या पाणथळीत ती सापडली. बरोबर शंभर वर्षांनी. आणि झाडावर नव्हे, लव्हाळ्यात, पाण्यावर.

हे वाचून माहीत होतं, तरी तिथे उभी असताना माझी मान वरच होती. डोक्यात किहीमची विहीर पक्की बसलेली: घरटं म्हणजे उंच, लोंबतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारं. हा पक्षी वर्षभर शेंड्यावर राहतो म्हणून घरटंही शेंड्यावर असेल, असं कुणालाही वाटलं असतं. बकऱ्यांमागे फिरणाऱ्या पोरांनी ते कदाचित आधीही पाहिलं असेल. त्यांना कोणी विचारलं नसेल. हा आपला माझा तर्क.

म्झेंनी वाळलेलं एक लव्हाळं मोडून माझ्या हातात दिलं. पाऊस लहरी, त्यामुळे दरवर्षी त्याच जागी घरटी होतीलच असं नाही, म्हणाले. पाणथळ नांगरली गेली की जंगल कितीही राखलं तरी उपयोग नाही. एवढ्याशा तळ्याला कुंपण घालायला कोणाला सुचतं?

दिवसभरात म्रिहीवर हळद्या दिसला, फिशर्स तुराको दिसला, हेल्मेटश्राइकचा आवाज लांबून ऐकू आला. पिवळं काही हललं की मी दुर्बीण उचलायची आणि म्झे विचारायचे, "काय दिसलं?" संध्याकाळपर्यंत मी शहाणी झाले होते. "काहीतरी पिवळं," एवढंच सांगायचे.

दिवस सहावा : थवा

शेवटची सकाळ. दुपारी मोंबासाला निघायचं होतं. पुन्हा अराबुको-सोकोकेत, पांढऱ्या वाळूवर. वाळूत पाय रुततो, भराभर चालता येत नाही, ते बरंच. ईशान्येचा 'कास्काझी' वारा सुटला होता. याच वाऱ्यावर एके काळी आपल्या किनाऱ्यावरची गलबतं इकडे यायची. आत्ता मात्र तो शेंडे हलवत होता आणि मला प्रत्येक पान पक्षी वाटत होतं.

पावणेआठला हेल्मेटश्राइक आले. आधी कपाळ तांबूस असलेले, मग मोठे काळे रेट्झचे. एका झाडावरून दुसऱ्यावर, सगळे एकदम. म्झे थांबले आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कोपराला हात लावला. "त्यांच्या मागे बघा. त्यांना नको."

मागून चुरचुर ऐकू आली, तापलेल्या तेलात मोहरी तडतडावी तशी, खूपशा गळ्यांतून एकदम. बिजागरीचा आवाज नाही. मग झाड भरलं. शेंड्याच्या बारीक फांद्यांवर दगडफूल लोंबत होतं. त्यात चोच खुपसून, उलटे होऊन, ते किडे उपसत होते. वरून दगडफुलाचे कपटे आमच्यावर पडत होते.

माझ्या जिभेवर नाव आलं होतं. गिळलं.

"काय दिसलं?" म्झे.

"पोट पिवळं. डोकं काळं." एवढ्यावर परवा फसले होते. "काळा रंग गळ्याच्या खाली उतरलाय, छातीवर. वाटतंय तसं. सावलीही असेल."

"पुढे?"

पुढे काही दिसेना. सगळी पोटंच. पंख वरच्या बाजूला, आकाशाकडे. मान मोडून आली. भाऊ तर वाळूत सपशेल उताणा पडला होता. शर्टाचा विचार न करता.

तोच म्हणाला, "ताई, यातल्या काहींचं डोकं काळं नाहीये."

मी त्याच्या बोटाच्या दिशेने दुर्बीण नेली. एका आडव्या फांदीवर, काळ्या डोक्याच्या पक्ष्याला लागून, एक फिकट पक्षी. खाली पिवळा, डोकं हिरवट पिवळं. काळं कुठेच नाही. त्याच्या पलीकडे आणखी एक. खालच्या फांदीवर दोन. त्याच थव्यात, तेच दगडफूल कोरणाऱ्या, तशाच चुरचुरणाऱ्या.

"म्झे, माद्या वेगळ्या आहेत," मी म्हणाले.

डार्क-बॅक्डची मादी नरासारखीच काळ्या डोक्याची. म्हणजे डार्क-बॅक्ड बाद. पाच दिवस मी नराच्या पंखावरची रेघ शोधत होते, तक्त्यात मादीची ओळ होती तरी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. फिकट, हिरवट, पानात मिसळून जाणारी. किहीमची बाई असून हे मला आधी सुचू नये!

म्झे हसले. सहा दिवसांत पहिल्यांदा. "आता नाव घ्या."

नाव घेतलं. आणि मग, जणू काही राहून गेलं होतं म्हणून, वाऱ्याच्या झोताने फांदी झुकली, एक नर तोल सावरायला वळला आणि पंख अर्धवट उघडले. काळ्या पिसांच्या कडेने पिवळ्या रेघा, लुगड्याच्या काठासारख्या सरळ. सेकंदभर. फोटो काढला तो फांदीचा आला. भावाने मोबाइलवर घेतलेल्यात निळं आकाश आणि तीन ठिपके आहेत.

थवा सात-आठ मिनिटं होता. हेल्मेटश्राइक हलले तसे हेही सगळे एकदम सुटले, ओढ्यासारखे, राईच्या आत. थोडा वेळ चुरचुर ऐकू येत राहिली. नंतर फक्त वारा.

वाळूत बसून वहीत लिहिलं: नर सात. माद्या चार. ओळख न पटलेले, अंदाजे पंधरा.

"अगं, पंधरा कशाला सोडलेस? सगळे तेच असणार की," भाऊ म्हणाला.

"पोटं पाहिली फक्त."

म्झेंनी वही मागितली, आकडे वाचले, आणि चारच्या जागी पाच करायला सांगितलं. एक मादी डावीकडे, खोडाला लागून बसली होती, ती मला दिसलीच नव्हती.

मोंबासाला जाताना किलिफीच्या पुलाशी गाडी थांबवून भावाने दोन किलो काजू घेतले. स्वाहिलीत पक्षी आणि विमान दोन्हींना एकच शब्द आहे, 'न्देगे'. पैसे मोजता मोजता त्याने त्या पोराला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं की ही न्देगे बघायला आली होती. पोराने आधी आकाशात बघितलं, मग मला विचारलं, "कुठलं? नैरोबीचं?"